बाटलीबाईचा आठचा आकडा

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणत. नाव कुणी चिडवायला ठेवलं नव्हतं. कामावरून पडलं आणि पडलं ते चिकटलं. ज्या बाटल्यांतून नळांचे, विहिरींचे, टाक्यांचे नमुने येत, त्या बाटल्या घासायच्या, वाफेवर निर्जंतुक करायच्या, झाकणावर कागद बांधून फडताळात लावायच्या, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणायला सोपं आहे. बाटलीत आधीच्या पाण्याचा थेंब राहिला तर अख्ख्या वस्तीचं पाणी खराब निघतं आणि माणसं उगाच धास्तावतात. बाईच्या हातच्या बाटलीत असं कधी झालं नाही. साहेब नव्या माणसांना सांगत, शंका घ्यायची तर पाण्यावर घ्या, बाटलीवर घेऊ नका.

पण ज्या पाण्यासाठी हात झिजवायचे ते डोंगरातून निघतं कुठून, हे बाईनं कधी पाहिलं नव्हतं. बाटल्या डोंगर फिरून यायच्या आणि बाई मोरीपाशी उभी ती उभीच.

मग वर डोंगरातल्या पाणीकेंद्रावरचा नमुने गोळा करणारा माणूस गुडघ्यांपायी नोकरी सोडून गेला. काम असं होतं, की खात्याची मोटरसायकल घ्यायची, डोंगरातल्या वस्त्या फिरायच्या, झऱ्याझऱ्यावर बाटली भरायची आणि संध्याकाळी खाली पाठवून द्यायची. केंद्राच्या आवारातच राहायला दोन खोल्या. बाईला ती जागा हवी होती. उगाच आढेवेढे न घेता सांगायचं तर, एवढ्या आयुष्यात तिनं स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट. साहेब म्हणाले, तुमच्यापेक्षा चांगलं माणूस मला कुठून मिळणार, पण मोटरसायकलचं लायसन्स पाहिजे. ते आणा, तोवर मी जागा धरून ठेवतो. फार दिवस मात्र धरता येणार नाही.

बाईला सायकल येत होती. मोटरसायकलवर ती आजवर फक्त मागे बसली होती, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पिशवी मांडीवर घट्ट धरून. शिकवणारा मात्र शोधायला नको होता. तिचा धाकटा भाऊ मेकॅनिक होता आणि घराच्या पुढच्या अंगालाच त्याचं गॅरेज होतं.

या धाकट्याला वाढवलं तिनंच. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, आई हबकून गेली होती, आणि बाई बाटल्या धुवायला लागली. तिच्या लग्नाचं, याचं जरा बस्तान बसू दे, असं म्हणत म्हणत राहिलं. त्याचं बस्तान बसलं तेव्हा विचारणारे थांबले होते. त्याबद्दल तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. तो शिकाऊ असताना कार्बोरेटर घरी घेऊन यायचा, स्वयंपाकघराच्या फरशीवर खोलून बसायचा, आणि ही हातातली भाजी तशीच टाकून त्याच्या डोक्यावर टॉर्च धरायची. फरशीवरचे ग्रीसचे डागही हीच घासायची. कुठला स्क्रू कशाचा, हे त्याच्याबरोबर तिलाही पाठ झालं होतं.

आता मधल्या खोल्यांत धाकटा, भावजय आणि त्यांची मुलं; मागच्या खोलीत बाई आणि आई. आईचं एक अंग लुळं पडलं होतं. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं सगळं बाईकडे, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. दुपारचं भावजय बघायची. कुरकुरत का होईना, बघायची.

धाकटा म्हणाला, शिकवतो की, त्यात काय एवढं. गॅरेजातली एक जुनी गाडी त्यानं तिच्यासाठी मोकळी करून दिली आणि बाईला भरून आलं.

लायसन्सच्या परीक्षेत गाडी जोरात चालवून दाखवायची नसते, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. जोरात कुणीही चालवतो; वेग गाडीला सांभाळून घेतो. खरी कसोटी हळू चालवण्यात. मैदानावर पांढऱ्या रंगानं मोठा थोरला आठचा आकडा काढलेला असतो. त्याच्यावरून माणूस चालतो त्या वेगानं गाडी फिरवून आणायची, रेषेबाहेर जायचं नाही आणि पाय टेकायचा नाही. पाय टेकला की खेळ खलास. गाडी बंद पडली तरी खेळ खलासच, कारण बंद पडलेली गाडी पायावरच येते.

बंद पडलेल्या एका गोदामामागे फरसबंद मोकळी जागा होती. बाईनं प्रयोगशाळेतल्या टाकाऊ बाटल्या आणल्या, त्यांत वाळू भरली आणि त्यांचा आठ मांडला. धाकट्यानं शिकवलं ते फार सोपं होतं. पहिला गिअर टाक, क्लच हळूहळू सोडून दे, पूर्ण सोड, आणि मग कशाला हात लावू नकोस. गाडी आपली आपण चालते. तू फक्त हँडल वळव आणि नजर पुढच्या बाटलीवर ठेव. खरोखर तसंच झालं. थोड्याच संध्याकाळींत बाई बाटल्यांमधून अशी फिरू लागली, की तिचं तिलाच हसू यायचं. धाकटा गोदामाच्या पायरीवर बसून म्हणायचा, आठ म्हणजे पोरखेळ आहे ताई, लोक उगाच बाऊ करतात.

पहिल्या परीक्षेला आठच्या पहिल्याच वळणावर गाडी खोकली, दचकली आणि बंद पडली. बाईचा पाय टेकला. परीक्षा घेणाऱ्या इन्स्पेक्टरनं मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. धाकटा फाटकाशी उभा होता. त्यानं तिला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, पहिल्या खेपेला सगळ्यांचंच होतं.

दुसऱ्या परीक्षेलाही तेच. या वेळी अर्धा आठ पार पडला होता, एवढाच फरक.

प्रयोगशाळेत बाई म्हणाली, गाडीच बंद पडली हो. तेव्हा कुणीतरी मोरीपलीकडून ऐकवलं, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे हसले, बाईही हसली, आणि दिवसभर मान खाली घालून बाटल्या घासत राहिली. घरी तर आणखी रंगलं. मी जीव तोडून शिकवतो, पण ताई ऐनवेळी घाबरते, पालथ्या घड्यावर पाणी, असं धाकटा भावजयीला सांगत होता, आणि भिंत पातळ होती. या वयात कशाला नसत्या हौशी, भावजय म्हणाली. बाईलाही ते पटायला लागलं होतं. आपला हात बाटलीचा, मोटरसायकलचा नव्हे.

पण बाटलीच्या हाताला एक सवय असते. एकच बाटली पुन्हा पुन्हा खराब निघाली तर तिला दोष देऊन भागत नाही. ती कुठून कुठे फिरली, मधे कुणाच्या हाताला लागली, ते बघावं लागतं. बाई विचार करत बसली. परीक्षेहून परत येताना गाडी प्रत्येक चौकात बंद पडली होती. दुसऱ्या संध्याकाळी गोदामामागे मात्र तीच गाडी लोण्यासारखी चालली. असं दोनदा झालं. गाडीला काय परीक्षेची तारीख कळते?

तिनं गाडी स्टँडला लावली आणि तिच्याशेजारी उकिडवी बसली. सगळ्या इंजिनावर तेलाची, धुळीची काळी पुटं चढली होती. कार्बोरेटरच्या अंगाला असलेल्या एका स्क्रूची खाच तेवढी चकचकत होती. ताजी ताजी, पुन्हा पुन्हा फिरवलेली.

तो स्लोचा स्क्रू. कशाला हात न लावता, उभ्याउभ्या इंजिन किती धडधडावं ते तो ठरवतो. आत फिरवला की इंजिन जास्त धडधडतं आणि गिअर टाकून क्लच सोडला की गाडी आपल्या आपण चालू लागते, चालवणाऱ्याला काही येत नसलं तरी. बाहेर काढला की इंजिन मंदावतं, आणि तसाच क्लच सोडला तर वळणावर गाडी दम तोडते. म्हणजे इतके दिवस गाडी चालत होती, बाई तिच्यावर नुसती बसली होती. तिला शिकवलं काहीच नव्हतं. आणि परीक्षेच्या दिवशी कुणीतरी तो स्क्रू बाहेर काढत होतं.

कुणीतरी म्हणायचं आपलं. दोन्ही परीक्षांच्या सकाळी धाकटा लवकर उठून गाडी पुसत बसला होता, आणि बाईनं त्याला कौतुकानं आपल्या आधी चहा दिला होता.

बाई तिथेच फरशीवर बसली. मग तिनं भावाची वकिली सुरू केली, कारण ती सवय जुनी होती. परीक्षेत गाडी हळू चालावी म्हणून त्यानं स्लो कमी केला असेल. सांगायचं विसरला असेल. पण मग दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाढवला कशाला? वकील गप्प झाला. आणि तिला एक जेवण आठवलं. भावजय म्हणाली होती, ताई वर राहायला गेल्या की आईंचं कोण बघणार? धाकटा ताटात बघत राहिला होता. बाईनं हसून विषय सोडून दिला होता, कारण त्यात बोलण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. आई तिच्याबरोबर जाणार होती. वरच्या केंद्रावरच्या खोल्यांना पायऱ्या किती, आईची खाट आत जाईल का, हे तिनं साहेबांना पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. आईला दुसऱ्याच्या गळ्यात टाकून निघून जायचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

त्याच्या मात्र शिवला होता. ज्याला तिनं हातांनी भरवलं त्याला वाटलं, ही आईला टाकून जाईल. आणि तसं वाटल्यावर तोंड उघडून विचारायचं सोडून त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. त्यातही तिला सर्वांत लागला तो चहा, आणि पाठीवर ठेवलेला तो हात.

तिनं त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि तिनं ते खरं मानलं असतं. स्वतःला ती तेवढी ओळखून होती. त्यापेक्षा तिनं शिलाई मशीनच्या डब्यातला छोटा स्क्रू ड्रायव्हर कमरेला खोचला. रोज संध्याकाळी ती एकटीच गोदामामागे जायची, धाकट्याला आता कामं फार असायची. गेल्या गेल्या स्क्रू बाहेर काढायची, इंजिन मरायला टेकेल इतका, आणि मग शिकायला बसायची. आता खरी शिकायला. गाडी बंद पडायची, बाई कलंडायची, कोपर खरचटायचं, वाळूच्या बाटल्या चेंगरायच्या. घरी निघताना ती स्क्रू होता तसा आत फिरवून ठेवायची. एका स्क्रूवर घरातली दोन माणसं आळीपाळीनं एकमेकांपासून लपून हात फिरवत होती. हसावं की रडावं, ते तुम्ही ठरवा. बाई तेव्हा रडत होती.

क्लचचं गुपित तिला एका दूधवाल्यानं सांगितलं. दोन्ही अंगांना भरलेले कॅन लटकवून तो गोदामाच्या गल्लीतून, मुलाबाळांमधून, हातगाड्यांमधून असा हळू जायचा, की बाई बघत राहायची. एकदा तिनं थांबवून विचारलंच. तो म्हणाला, "क्लच सोडायचा कुणी सांगितला तुम्हाला? तो अर्धा धरून ठेवायचा असतो. वरून थोडी रेस द्यायची आणि मागचा ब्रेक किंचित दाबून धरायचा. गाडी मग ओढतेही आणि पळतही नाही." एवढं सांगून तो गेला. बाईनं डाव्या हाताला ती अर्धी जागा शोधायला लावली, जिथे गाडी जरा कुठे ओढायला लागते ती. बोटं दुखून यायची, आईला भरवताना चमचा थरथरायचा. पण एका संध्याकाळी मरतुकड्या इंजिनावर ती अख्खा आठ फिरली, पुन्हा फिरली, पुन्हा फिरली, आणि एकही पाय टेकला नाही. त्या संध्याकाळी तिला आनंद झाला आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

साहेबांनी सांगितलं, या महिन्यानंतर मला थांबता येणार नाही. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवताना बाई मुद्दाम धाकट्याला म्हणाली, ही शेवटची खेप. उद्या नाही झालं तर ती जागा दुसऱ्याला जाईल आणि मी पुन्हा कधी विचारणार नाही. हे बोलताना ती त्याच्याकडे बघत होती. त्याच्या पुढ्यात तिनं एक वाट उघडी करून ठेवली होती. त्यानं फक्त काही न करता झोपून जायचं होतं. धाकटा म्हणाला, "होशील गं पास. नको काळजी करू." आणि त्यानं आणखी भाजी वाढून घेतली.

सकाळी गाडी पुसून चकाचक उभी होती. बाईनं किक मारली. आणि कान दिला. परीक्षेची तिला भीती वाटत नव्हती. स्क्रू कसाही असला तरी ती पास होणार होती आणि हे तिला ठाऊक होतं. तिला फक्त तो आवाज रोजच्यासारखा भरभर यायला हवा होता. इंजिन टुक करून थांबलं, पुन्हा टुक केलं, मरतं की काय असं वाटलं, आणि पुन्हा टुक केलं. स्लो आधीच्या दोन्ही खेपांहून कमी ठेवला होता. या खेपेला त्याला हयगय करायची नव्हती. बाई गाडीवर बसून राहिली, आणि दारात उभ्या असलेल्या धाकट्यानं तिला हात हलवून निरोप दिला.

मैदानावर तिचा आठ बघायला बाकीचे उमेदवार थांबले, असं काही झालं नाही. जो तो आपल्या पाळीच्या काळजीत होता. तिनं क्लच अर्धा धरला, मागचा ब्रेक टेकवला, नजर पुढे टाकली आणि सावकाश, अगदी चालत्या माणसाच्या चालीनं, पांढऱ्या रेषेच्या आतून आठ पुरा केला. मग इन्स्पेक्टरनं सांगितलं म्हणून आणखी एकदा. थांबायच्या रेषेवर गाडी उभी करून मगच तिनं पाय खाली ठेवला. इन्स्पेक्टर जवळ आला, इंजिनाचा आवाज ऐकून त्यानं भुवया चढवल्या.

"पास आहात. पण स्लो एवढा कमी ठेवून आठ मारायला कुणी सांगितलं होतं? गाडी कुणाकडे दाखवता?"

"घरचाच मेकॅनिक आहे," बाई म्हणाली.

घरी परतताना एकाही चौकात गाडी बंद पडली नाही. गॅरेजासमोर आली तर धाकटा हात पुसत पुढे आला. चहा त्यानं आधीच मागवून ठेवला होता. चेहरा कसा करायचा तेही ठरलेलं असावं. ती अजून गाडीवरून उतरलीही नव्हती आणि त्यानं काय झालं म्हणून विचारलंही नाही, सरळ तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ताई. सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही."

इतका वेळ बाईनं स्वतःला आवरून धरलं होतं. हे वाक्य ऐकून तिनं इंजिन बंद केलं.

"पास झाले," ती म्हणाली.

धाकट्याचा हात तिच्या खांद्यावरून निघाला. त्याची नजर खाली गेली, गाडीकडे, आणि थेट त्या स्क्रूवर जाऊन थांबली. दुसरीकडे कुठे गेली असती तर बाईच्या आतल्या वकिलानं अजूनही एखादा मुद्दा काढला असता.

"आई माझ्याबरोबर येणार होती," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तळमजल्यावरच्या खोल्या मागून घेतल्यात मी, तिची खाट आत जाईल अशा."

"मग तू बोलली का नाहीस?" धाकटा म्हणाला.

"तू विचारलं का नाहीस?"

आतून भावजय बाहेर आली, दोघांचे चेहरे बघून तशीच मागे फिरली. चहा दोघांच्या मध्ये स्टुलावर निवत होता. धाकटा हळू आवाजात म्हणाला, ताई, मी गाडीचा स्लो नीट लावून देतो. बाई म्हणाली, नको. आता माझ्या गाडीला हात लावायचा नाही. हे तिनं ओरडून नाही सांगितलं, आणि म्हणूनच ते त्याला कळलं.

मागच्या खोलीत आई जागी होती. पुढचं काही तिच्या कानावर आलं नव्हतं. बाईनं तिला कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली आणि सांगितलं, लायसन्स मिळालं, आता आपण दोघी वर राहायला जायचं. आईच्या निम्म्या चेहऱ्यावर हसू पसरलं. उरलेला निम्मा तसाच राहिला, पण डोळे दोन्ही भरले.

"धाकट्यानं शिकवलं म्हणून झालं गं," आई तुटक तुटक म्हणाली. "फार जीव आहे त्याचा तुझ्यावर. त्याला विसरू नकोस."

बाई हो म्हणाली, आणि आईच्या उशीचा अभ्रा बदलायला घेतला.